हात न लावता खोली कशी वाजावी: एका घरगुती स्टुडिओतल्या पॅच बेचं प्रकरण

पुण्यात सहकारनगरमधल्या एका फ्लॅटची दहा बाय बारा फुटांची खोली. मालक संगीत संयोजक आहेत. नव्वदच्या दशकात त्यांनी कॅसेटसाठी भक्तिगीतं आणि भावगीतं बांधली. आता ते घरीच बोलक्या पुस्तकांचं निवेदन ध्वनिमुद्रित करतात, अधूनमधून भजनांचा किंवा बालगीतांचा संच करतात, आणि लोकांनी आणून दिलेल्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देतात. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेवढंच म्हणेन.

काकांकडे वस्तू चांगल्या होत्या, फक्त वापरात नव्हत्या. रोलँडचं १९९४ सालचं जेव्ही-१०८० हे रॅकमधलं साउंड मॉड्यूल (पट्ट्या नसलेलं, वाद्यांचे आवाज देणारं यंत्र), कॉर्गचा १९८८चा एम१ कीबोर्ड, यामाहाचं १९८५चं एसपीएक्स९० रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं), एक दोन चॅनलचा कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबून सारखे करणारा), एक दोन चॅनलचा स्वतंत्र माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा), एक कॅसेट डेक. आणि हे सगळं ज्यात शिरणार ते यूएसबी इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारं आणि परत आणणारं यंत्र: आठ ॲनालॉग इनपुट, दहा लाइन आउटपुट (लाइन म्हणजे माइकपेक्षा मोठी, उपकरणांत आपापसात वापरली जाणारी पातळी). त्या आठ इनपुटपैकी पहिले दोन पुढच्या बाजूला, बाकीचे मागे.

रॅक भिंतीला टेकलेला. कॉम्प्रेसर वापरायचा तर रॅक पुढे ओढायचा, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरायचा, चाचपडत सॉकेट शोधायचं. त्यामुळे कॉम्प्रेसर महिनोन्महिने लागलाच नाही. यावर उपाय म्हणून ओळखीतल्या एका मुलाने ४८ सॉकेटचा पॅच बे बसवून दिला. रॅकमध्ये जेमतेम पावणेदोन इंच उंचीची पट्टी. पुढे वर २४ आणि खाली २४ सॉकेट, मागे तशीच ४८. मागच्या बाजूला सगळ्या उपकरणांच्या वायरी कायमच्या लावायच्या आणि पुढे छोट्या पॅच कॉर्डने हवं ते हव्या त्याला जोडायचं. रॅकमागे जायची गरजच संपते. निदान संपायला हवी.

मला बोलावलं तेव्हा परिस्थिती आधीपेक्षा वाईट होती. पुढे एकही कॉर्ड लावलेली नसताना रिव्हर्ब चालू केला की आवाज आपोआप वाढत जाऊन किंचाळायला लागायचा. कॉम्प्रेसरमधून सतत खसखस यायची आणि मेकअप गेन, म्हणजे दाबलेला आवाज परत वर आणणारं बटण, वाढवलं की शिट्टी. जेव्ही-१०८०च्या आवाजाखाली बारीक घुमणारी गुणगुण. आणि काकांची खरी तक्रार वेगळीच होती. ते म्हणाले, "अरे, आता साधं निवेदन घ्यायचं तरी चार वायरी लावाव्या लागतात. पूर्वी माइक लावला की झालं असायचं."

किंकाळी आणि गुणगुण या दुरुस्तीच्या गोष्टी, त्या सुटणारच होत्या. पण रोजचं काम अवघड करणारा पॅच बे मुळातच चुकीचा आखलेला असतो. बेच्या पुढे किती कॉर्ड लावता येतात यावर त्याची किंमत करू नये. एकही कॉर्ड न लावता रोजचं काम सुरू होतं का, ते बघावं. इथे ती आखणीच झालेली नव्हती. उपकरणं रॅकमध्ये ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने बेवर आली होती.

आता किंकाळीचं कारण. बेमधली वरची आणि खालची दोन सॉकेट मिळून एक उभी जोडी होते. रिवाज असा की वरच्या रांगेत उपकरणांचे आउटपुट, खालच्या रांगेत इनपुट. प्रत्येक जोडी आतून कशी जोडलेली असावी ते ठरवता येतं. थ्रू म्हणजे वरचं आणि खालचं यांचा आतून काहीही संबंध नाही. नॉर्मल म्हणजे पुढे काही लावलं नसेल तर वरचा आवाज आतूनच खाली जातो, आणि वर किंवा खाली कुठेही कॉर्ड घातली की तो रस्ता तुटतो. हाफ नॉर्मल यांच्या मधला. खाली कॉर्ड घातली तरच रस्ता तुटतो. वर घातली तर तुटत नाही, आवाजाची एक शाखा फक्त बाहेर मिळते.

त्या मुलाने कॉम्प्रेसरचा आउटपुट वर आणि त्याच कॉम्प्रेसरचा इनपुट बरोबर त्याखाली ठेवला होता. एसपीएक्स९० आणि कॅसेट डेकचंही तसंच. ही मांडणी दिसायला सोयीची असते, मोठ्या स्टुडिओंतही दिसते, कारण एका उपकरणाच्या दोन्ही बाजू एकाच ठिकाणी सापडतात. पण तिथे त्या जोड्या थ्रू असतात. इथे चोवीसच्या चोवीस जोड्या हाफ नॉर्मलवर होत्या, त्यामुळे प्रत्येक उपकरणाचा आवाज आतल्या आत त्याच्याच इनपुटमध्ये परत जात होता. कॉम्प्रेसरच्या स्वतःच्या खसखशीला मेकअप गेन मिळाला की ती फेरीगणिक वाढणार. रिव्हर्बचं तेच. डेक रेकॉर्ड-पॉझवर असला की इनपुटवर आलेलं आउटपुटवर सोडतो, म्हणजे तिथेही वर्तुळ पूर्ण. या जोड्यांचे स्विच थ्रूवर नेले आणि किंकाळी जागच्या जागी थांबली.

या बेमध्ये स्विच पुढच्या पट्टीवरच होते. सगळीकडे तसं नसतं. न्यूट्रिकच्या एनवायएस-एसपीपी-एल१मध्ये प्रत्येक जोडीचं छोटं सर्किट कार्ड बाहेर काढून उलटं बसवावं लागतं. सुरुवातीला ते कंटाळवाणं वाटतं, पण बोट लागून स्विच सरकण्याची भीती तिथे नसते. काकांच्या बेवर आम्ही अंतिम मांडणीनंतर स्विचांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली. बे विकत घेताना त्यात थ्रूची सोय आहे का, हे मात्र आवर्जून तपासा. ती नसेल तर एकाच उपकरणाच्या दोन्ही बाजू एका जोडीत ठेवताच येत नाहीत.

मग आम्ही रॅक बाजूला ठेवून कागद घेतला. इंटरफेसच्या प्रत्येक इनपुटला नेहमीची बैठक कुणाची, हा एकच प्रश्न होता, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

काकांना सगळंच कायम जोडलेलं हवं होतं. पण हिशेब बसत नाही. इंटरफेसचे इनपुट कॉम्बो सॉकेटचे आहेत: एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा गोल प्लग, घातला तर माइकसाठी, जाड जॅक घातला तर लाइनसाठी. एका वेळी एकच गोष्ट आत जाते. आठही इनपुट जॅकने बेला जोडून टाकले तर इंटरफेसचे स्वतःचे आठही माइक प्रीॲम्प अडकून पडतात. भजनाच्या मुद्रणात गायकाला एक, पेटीला एक, आणि तबल्याला दायाँ-बायाँ मिळून दोन असे चार माइक लागतात. दोन स्वतंत्र प्रीॲम्पमधून येतील. उरलेल्या दोघांसाठी इंटरफेसच्या पुढच्या बाजूचे १ आणि २ हे इनपुट मोकळे ठेवायचे, बेवर आणायचेच नाहीत, असं ठरलं. ते पुढेच असल्याने माइक थेट लावणं सोपंही आहे. बेसाठी उरले ३ ते ८, म्हणजे सहा.

सहा जागांसाठी उमेदवार: प्रीॲम्पचे दोन, जेव्हीचे मुख्य दोन, एम१चे दोन, रिव्हर्बचे दोन, कॉम्प्रेसरचे दोन, डेकचे दोन. संगणकावरचे अलीकडचे प्रकल्प उघडून काय काय वापरलंय ते पाहिलं. निवेदन जवळपास रोज. जेव्ही प्रत्येक गाण्यात. एसपीएक्स९० प्रत्येक गाण्यात, कारण काकांना त्याचाच रिव्हर्ब आवडतो. एम१ काकांच्या सगळ्यात जिव्हाळ्याचा, कमाईचा पहिला मोठा कीबोर्ड, पण प्रकल्पांत तो क्वचितच. त्याला नेहमीची जागा न देणं काकांना लागलं, हे मला दिसत होतं. मी सांगितलं की तो बेवर राहील, एका कॉर्डच्या अंतरावर, आणि आतापर्यंत होता त्यापेक्षा हाताला जवळ येईल. ते पटलं.

अंतिम नकाशा असा झाला. १ आणि २ या जोड्यांत वर प्रीॲम्प, खाली इंटरफेसचे ३-४ इनपुट. ३-४ मध्ये वर जेव्हीचे मुख्य आउटपुट, खाली ५-६ इनपुट. ५-६ मध्ये वर रिव्हर्बचे डावे-उजवे आउटपुट, खाली ७-८ इनपुट. सातव्या जोडीत वर इंटरफेसचा तिसरा आउटपुट, खाली एसपीएक्स९०चा एकुलता एक इनपुट. हे सगळं हाफ नॉर्मल. थोडक्यात, काहीही न जोडता निवेदन, मॉड्यूल आणि रिव्हर्बचं जाणं-येणं तयार. आठव्या जोडीत वर इंटरफेसचा चौथा आउटपुट, खाली रिकामं. ९-१० मध्ये वर ५-६ आउटपुट, खाली कॉम्प्रेसरचे इनपुट, हेही हाफ नॉर्मल. ११-१२ मध्ये वर कॉम्प्रेसरचे आउटपुट, खाली मुद्दाम रिकामं. १३-१४ वर डेकचा आउटपुट, खाली डेकचा इनपुट, थ्रू. १५ ते १८ एम१चे चार आउटपुट, १९-२० जेव्हीच्या जादा आउटपुटांपैकी दोन, २१-२२ इंटरफेसचे ७-८ आउटपुट. या सगळ्यांच्या खाली काही नाही. २३ आणि २४ मोकळ्या. मागच्या बाजूला मिळून ३३ वायरी.

स्पीकर बेवर घेतले नाहीत. कॉर्ड लावता-काढताना होणारा धप्प आवाज थेट स्पीकरवर गेलेला मला चालत नाही, आणि स्पीकरचा रस्ता बदलायची गरज या खोलीत कधी पडत नाही.

माइकही घेतले नाहीत, काकांची इच्छा असूनही. जॅकची पिन आत सरकताना तिचे धातूचे तीन वेगळे भाग, म्हणजे टोक, कडं आणि बाही, क्षणभर सॉकेटमधल्या भलत्याच पट्ट्यांना टेकतात. लाइनच्या आवाजाला त्याने फारसं बिघडत नाही. पण कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारा वीजपुरवठा, चालू असेल तर त्या क्षणी तो एकाच तारेवर किंवा जमिनीवर जातो. मोठा ठोका बसतो, आणि रिबन माइक असेल तर त्याची पातळ पट्टी ताणली जाऊ शकते. एक्सएलआरमध्ये तिन्ही पिना आपापल्या जागीच बसतात. म्हणून माइक सरळ प्रीॲम्पला, आणि प्रीॲम्पमधून बाहेर आलेला लाइन आवाज बेला. हा नियम मी मोडत नाही.

हाफ नॉर्मल का, पूर्ण नॉर्मल का नाही, हे निवेदनाच्या उदाहरणात नीट दिसतं. आवाज आत जातानाच कॉम्प्रेसरमधून न्यायचाय. पहिली कॉर्ड जोडी १च्या वरून, म्हणजे प्रीॲम्पपासून, जोडी ९च्या खाली, कॉम्प्रेसरच्या इनपुटला. दुसरी जोडी ११च्या वरून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या आउटपुटपासून, जोडी १च्या खाली. शेवटचं टोक आत गेलं की मूळ सरळ रस्ता तुटतो आणि इनपुट ३ला फक्त दाबलेला आवाज मिळतो. दोन कॉर्ड, काम संपलं. आता हेच दुसरं टोक जोडी १ऐवजी जोडी २च्या खाली घाला. जोडी १च्या फक्त वरच्या सॉकेटात कॉर्ड आहे, त्यामुळे सरळ रस्ता जिवंत राहतो. इनपुट ३वर कोरा आवाज, इनपुट ४वर दाबलेला, दोन्ही एकाच वेळी मुद्रित. निवेदक मध्येच जोरात हसला आणि कॉम्प्रेसरने ते चिरडलं, तरी कोरा आवाज हाताशी आहे. बोलक्या पुस्तकांच्या तासन्‌तास चालणाऱ्या कामात ही खरी श्रीमंती आहे. काकांनी हे एकदा करून पाहिलं आणि त्यानंतर निवेदन दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने घेतलेलं नाही.

असा एक आउटपुट दोन इनपुटांना वाटला की आवाज पडतो का? आकडा काढून बघा. आउटपुटचा रोध १०० ओहम, प्रत्येक इनपुट १० किलोओहम धरला तर दुसरा इनपुट जोडल्याने फरक सुमारे ०.१ डेसिबल. जुन्या उपकरणाचा रोध ६०० ओहम असला तरी अर्धा डेसिबल. कानाला जाणवणार नाही. उलटं मात्र कधीही करू नये: दोन आउटपुट एकत्र करून एका इनपुटात घालायचे नाहीत. ते एकमेकांनाच ढकलत बसतात, आवाज विकृत होतो, उपकरणावर ताण येतो. मिसळण्यासाठी मिक्सर असतो. आणि पॅच कॉर्ड सगळ्या तीन वाहकांच्या, म्हणजे टीआरएसच घ्या. गिटारची दोन वाहकांची वायर हाफ नॉर्मलच्या वरच्या सॉकेटात घातली तर तिची बाही थंड तारेला, म्हणजे कड्यावरच्या दुसऱ्या तारेला, जमिनीला टेकवते, आणि आतून जाणारा मूळ रस्ताही असमतोल होतो: आवाज दोन तारांऐवजी एकाच तारेवर उरतो.

गुणगुणीचा शोध वेगळ्या दिशेने गेला. ती ५० हर्ट्‌झची होती, वर १०० आणि १५०ची भर. म्हणजे वीजपुरवठ्यातून आलेली. रॅक एका भिंतीवरच्या बोर्डावर, संगणक समोरच्या भिंतीवर. संगणकाचं अर्थिंग यूएसबीतून इंटरफेसला, तिथून वायरींच्या जाळीतून रॅकमधल्या उपकरणांना, आणि तिथून दुसऱ्या बोर्डाच्या अर्थिंगला. वर्तुळ पूर्ण. पूर्वी ते कधीतरीच पूर्ण व्हायचं कारण वायरी क्वचित लागायच्या. बेने सगळं कायमचं जोडलं आणि दोष कायमचा ऐकू यायला लागला. कुणीतरी उपाय म्हणून कॉम्प्रेसरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकली होती. हे मला अत्यंत गंभीर वाटतं. उपकरणात आत बिघाड झाला तर धातूचा डबा जिवंत होतो, आणि त्याच रॅकला हात लावून माणूस माइकसमोर उभा राहतो. आवाज घालवायला अर्थिंग काढायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं पाहिजे.

प्लग बदलला. इलेक्ट्रिशियनने तपासलं तेव्हा समोरच्या बोर्डाची अर्थची तार ढिली निघाली. ती त्याने पक्की केली. ध्वनीची सगळी उपकरणं आणि संगणक एकाच बोर्डावरून घेतले. गुणगुण बरीच खाली आली, पण जेव्ही आणि एम१वर थोडी उरली, कारण त्यांचे आउटपुट असमतोल. त्यांच्यासाठी दोन तारा आणि जाळी असलेली माइकची वायर घेऊन वेगळी केबल केली. कीबोर्डच्या टोकाला दोन वाहकांचा जॅक: एक तार टोकाला, दुसरी तार आणि जाळी दोन्ही बाहीला. बेच्या टोकाला टीआरएस: पहिली तार टोकाला, दुसरी कड्याला, जाळी बाहीला. अशाने कीबोर्डची जमीन काय म्हणते ते इंटरफेसच्या समतोल इनपुटला कळतं आणि तो फरक तो वजा करतो. हेडफोन लावून शोधावी लागेल इतकी गुणगुण कमी झाली. सामान तापकीर गल्लीत मिळालं, वायरींना कथलाचे डाग द्यायला एक संध्याकाळ गेली.

कॅसेट डेकचं पातळीचं गणितही वेगळं. घरगुती डेक उणे १० डीबीव्हीला, म्हणजे ०.३१६ व्होल्टला चालतो. व्यावसायिक लाइन अधिक ४ डीबीयूला, १.२२८ व्होल्टला. मधलं अंतर सुमारे १२ डेसिबल. डेककडून इंटरफेसकडे येताना इनपुटचा गेन वाढवून भागतं. उलट दिशेला सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट १२ डेसिबल खाली ठेवावा लागतो. तो आकडा काकांनी बेखाली लिहून चिकटवलाय.

सगळं बसल्यावर तपासणी. इंटरफेसमधून १ किलोहर्ट्‌झचा सूर उणे २० डेसिबलला सोडून एकेक रस्ता मोजला. एका जोडीत पातळी नेमकी ६ डेसिबल कमी. हा आकडा ओळखीचा आहे: दोन्ही तारांवर सारखाच, पण एकमेकांच्या उलट आवाज सोडणाऱ्या आउटपुटची एक तार तुटली की अर्धा व्होल्टेज उरतो. कड्याचा डाग सुटलेला होता. कानाने हे कदाचित महिनाभर कळलं नसतं. काका "जरा बारीक वाटतोय" म्हणून गेन वाढवत राहिले असते.

एका गोष्टीत बे मदत करत नाही, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. मुद्रित झालेला तबला संगणकातून बाहेर काढून कॉम्प्रेसरमधून परत आणायचा तर आवाज उशिरा येतो. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे २.६७ मिलिसेकंद, जाताना आणि येताना दोन्ही वेळा, शिवाय कन्व्हर्टरचा वेळ. मूळ तबल्याबरोबर मिसळलं तर ठेका पोकळ ऐकू येतो. काका रीपर हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यातलं रीइन्सर्ट हा उशीर मोजून भरून काढतं. नवा रस्ता केला की एकदा ते मोजून घ्यायचं.

नावं देवनागरीत लिहिली. आउटपुटच्या पट्ट्या पिवळ्या, इनपुटच्या पांढऱ्या. मागच्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक. नकाशाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून रॅकच्या बाजूला.

पहिल्या पावसाळ्यानंतर काकांचा फोन आला: जेव्हीचा डावा आवाज मध्येच जातो, कॉर्ड घालून काढली की परत येतो. हे लक्षण नॉर्मलच्या आतल्या पट्ट्यांचं आहे. ज्या जोडीत कधीच कॉर्ड जात नाही, तिच्या पट्ट्या घासल्या जात नाहीत आणि दमट हवेत त्यांवर थर चढतो. नेमक्या रोजच्या, बिनकॉर्डच्या जोड्यांनाच हा त्रास जास्त होतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर जॅकच्या पिनेवर किंचित फवारून प्रत्येक सॉकेटात चारपाच वेळा आत-बाहेर करायला सांगितलं, स्पीकर बंद ठेवून. आता गणपती उठले की काका हे स्वतःच करतात, आणि २३-२४ या मोकळ्या जोड्यांवर दुसरा प्रीॲम्प घ्यायचा की काय, याची चौकशी सुरू झाली आहे. इनपुट मात्र सहाच आहेत. तो आला तर जेव्ही किंवा रिव्हर्ब यांपैकी कुणाला उठवायचं हे त्यांनाच ठरवावं लागेल.